बाळंतखोलीच्या फरशीची कड

संपादकांचं पत्र आलं, चळवळीतले अनुभव लिहून पाठवा म्हणून. नाही पाठवत. यंदा पावसाळा सरता सरता आमच्याकडचं राज्य बदललं आणि हिंगोलीत जो तो चळवळीतला निघाला. आमचं पत्रक हातात दिलं की इंगळ धरल्यासारखं टाकून देणारेसुद्धा आता अनुभव लिहायला बसलेत. बसू द्या. मी गवंडी आहे. फरशीच्या कडा दुरुस्त करणं हे माझं पोटाचं काम. त्यावर लिहायला दुसरा कुणी पुढं यायचा नाही, म्हणून मी तेच लिहितो.

लिहायला मी पत्रकांवर शिकलो. पत्रकाचा कायदा साधा. एका कागदात मावलं पाहिजे, पहिल्या ओळीला वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव नसलं पाहिजे. हा लेख एका कागदात मावत नाही आणि खाली नावही आहे. डोकं तापतं का ते तुम्ही बघा.

ती पत्रकं वऱ्हाडात छापून यायची. कनेरगावच्या नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई प्रत्येक गाडी उलटीपालटी करायचा. गूळ, कापड, आगपेट्या, सगळं. माझ्या गाडीत कळीचा चुना असायचा. "काय हाय रे?" "चुना. घाला की हात." एका नव्या शिपायानं घामेजल्या हातानं खरंच घातला आणि नाक्यावरचा रांजण रिकामा होईस्तोवर हात धूत बसला. त्यानंतर माझ्या गोण्यांना कुणी शिवलं नाही. पत्रकं तळाशी मेणकापडात असायची. चुन्याचे असे दोन उपकार माझ्यावर आहेत. दुसरा खाली येईलच.

आता कड म्हणजे काय ते सांगतो, कारण ज्यांच्या घरी फरशी आहे त्यांनाही ते ठाऊक नसतं. खोलीत शहाबादी फरशी बसवली, की दोन फरशांच्या मधल्या फटीत माल भरतात. त्याला आम्ही दर्ज म्हणतो. मधल्या दर्जा बिचाऱ्या वर्षानुवर्षं टिकतात. फाटते ती भिंतीलगतची. आमच्याकडे भिंतीचा पाया खणत खणत मुरुमापर्यंत नेतात, म्हणून भिंत हलत नाही. फरशी मात्र काळ्या मातीवरच्या भरावात बसलेली असते, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते. वर्षातून एकदा फरशी छाती भरते आणि एकदा सोडते. भिंत आणि फरशी या नणंद-भावजया आहेत. एका घरात राहतील, पण दोघींना एकमेकींवर रेलायला लावलं की भांडण ठरलेलं. म्हणून दोघींच्या मध्ये नरम माल लागतो. दाबला तर दबेल आणि ओढला तर लगेच तुटणार नाही असा. भिजवून मुरवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची पूड, थोडं गुळाचं पाणी, आणि अंबाडीचे बारीक कातरलेले धागे. ते धागे फार महत्त्वाचे. ते नसतील तर चुना वाळून भेगाळतो.

आणि लोक काय करतात? सिमेंट ओततात! लढाईच्या दिवसांत सिमेंट परवान्याशिवाय मिळेना, तेव्हापासून तर त्याची इज्जत फारच वाढली. ज्याच्या घरी सिमेंटची गोणी आली तो ती पाहुण्यांना दाखवायचा. कडेला सिमेंट म्हणजे दगडच. वैशाखात फरशी आकसली की तो भिंतीपासून सुटतो, पापडासारखा तुकड्या-तुकड्यांनी निघतो आणि खाली बोटभर भेग उघडी पडते. त्या भेगेत कोण राहायला येतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

नको तरी सांगतो, कारण काही लोकांना ती भेग आवडतेही. नरसीकडच्या एका गावात एका कीर्तनकारबुवांच्या घरी मला त्यांच्या मुलानं बोलावलं. बुवा दुपारी कडेला गाल लावून फरशीवर पडलेले. मी छिन्नी काढली तसे उठून बसले.

"काहून भरून राहिला रे?"

"बुवा, फट आहे. विंचू निघंल."

"इतकी वर्सं निघाला न्हाई. हितनं गार वारा येते. चैतात तुह्या बापाचा पंखा हाय का मह्या घरी?"

मुलगा मागून खुणा करत होता, भरा म्हणून. बुवा छातीवर हात बांधून फटीवर आडवे झाले. मी तीन भिंती भरल्या, चौथी बुवांना ठेवली. आजतागायत तो वारा ते घेतात आणि कीर्तनात माझं नाव निघालं की "भोकं बुजवणारा" म्हणतात.

पण मला सांगायची आहे ती बाळंतखोलीची कड.

आमच्या गावात एका शेठनं आपल्या कापसाच्या जिनाजवळची जुनी कचेरीची खोली बाळंतपणासाठी देऊन टाकली होती. दारावर त्यांच्या आईच्या नावाचा दगड. आत तीन खाटा, शहाबादी फरशी, एक कपाट. ती खोली चालवत होत्या नर्सबाई. वाशीमकडच्या, नर्सिंग शिकून आलेल्या, पांढरं लुगडं, बोलणं मोजकं. त्यांनी आल्या आल्या एक शहाणपणाचं काम केलं. गावची सुईण कोंडाबाई हिच्याशी भांडण मांडण्याऐवजी तिलाच पगारावर ठेवलं. कोंडाबाई नसती तर त्या खोलीचा उंबरा एकाही बाईनं ओलांडला नसता. अर्ध्या हिंगोलीची नाळ तिच्या हातानं कापलेली.

शिमग्याच्या आधी एका बाळंतिणीच्या मावशीला त्या खोलीत विंचू चावला. भिंतीच्या कडेतून निघाला. मावशी दोन दिवस ओरडली आणि बरी झाली. गोष्ट मात्र बरी झाली नाही. पुढच्या बाजारापर्यंत तिच्यातला विंचू पाळण्यात चढला, आणि कळमनुरीपर्यंत जाता जाता तिच्यात विंचवाची सात पिल्लंही आली. तिन्ही खाटा रिकाम्या पडल्या.

नर्सबाईंनी मला बोलावलं. मी कडेला छिन्नीचं टोक लावलं मात्र, वीतभर सिमेंट उडून पडलं.

"हे कुणी भरलं?"

"शेठजींनी. मागच्या वर्षी खास सिमेंट मागवलं होतं." त्यांनी पडलेला तुकडा उचलला. "मिस्त्री, मला सरळ सांगा. ही फट कायमची बुजेल का? शेठजी म्हणतात, बाया येत नसतील तर खोलीत सरकी भरतो. मला सरकीची काळजी नाही. मला गिरजाची काळजी आहे."

गिरजा कोण ते तेव्हा कळलं. नरसीच्या अलीकडे एक धनगराचं बिऱ्हाड होतं, शे-सव्वाशे मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. त्या घरची सून. दोन बाळंतपणं घरी झाली आणि दोन्ही लेकरं गेली. नर्सबाई त्या बाजूला फिरतीवर गेल्या तेव्हा तिला तपासून आल्या होत्या. या खेपेलाही मूल आडवं होतं. घरी राहिली तर या वेळी मूलच जाईल असं नाही, तीही जाईल, असं त्यांनी सासूला तोंडावर सांगितलं. सासू तयार झाली होती, बैलगाडीही ठरली होती. मग विंचवाची गोष्ट तिच्या वस्तीवर पोचली आणि तिचा निरोप आला. इंचवाच्या बिळात सून न्हाई घालायची.

गिरजाचे दिवस ज्येष्ठात भरणार होते.

मी तडक शेठकडे गेलो. मला चपला काढून बसा म्हणाले, मी उभाच राहिलो. "तुमच्या सिमेंटनं ती फट पडली," असं म्हणालो. माझं बोलणं असंच आहे, ते काही शेठला पाहून ठरलं नव्हतं.

"अरे, नंबर एकचा माल होता तो! परवाना काढून आणलेला."

"तेच तर. भिंतीलगत नंबर एकचा दगड बसवला तुम्ही."

"मग काय भरायचं, कापूस?"

"कापूस नाही, अंबाडी."

शेठ हसले. मला वाटलं थट्टा करतायत, पण लगेच म्हणाले, "भर बाबा तुझी अंबाडी. आखाजीच्या सणानंतर बघतो. खोली बराबर चालली तर ठीक, न्हाई तर सरकी. मला बी जागेची तकलीफ हाय." हा माणूस वाईट नव्हता. आईच्या नावानं दान करायचं आणि त्याच खोलीवर सरकीसाठी डोळा ठेवायचा, या दोन्ही गोष्टी तो एकाच तोंडानं, न लाजता करू शकत होता. श्रीमंतांना हे कसं जमतं यावर मी एक पत्रक लिहिणार आहे, ते वेगळं.

मी चारी भिंतींची कड उकरली. दोन बोटं खोल, अगदी तळापर्यंत. वरवर खरवडून भरणारा गवंडी आणि दात न घासता मिश्री लावणारा, दोघं सारखेच. धूळ कुंच्यानं झाडली, पाणी मारलं, माल थोडा थोडा ठासला, वरून थापीनं ओढून घेतला आणि ओलं गोणपाट घातलं. चुन्याला घाई चालत नाही. त्याला सावकाश सुकू द्यावं लागतं. काम बघून नर्सबाई म्हणाल्या, छान. कोंडाबाई दारातून म्हणाली, "लई वंगाळ न्हाई." तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

दोन बाया आल्या. दोघी सुखरूप बाळंत होऊन लेकरं घेऊन घरी गेल्या. खोली रिकामी झाली आणि पाठोपाठ नर्सबाईंचा निरोप आला.

तीन भिंतींची कड जशीच्या तशी होती. चौथीची, दारापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, हातभर उघडी. माल निघून गेलेला. एक फरशी चक्क हलत होती.

मी पुन्हा भरली. एक बाई येऊन गेली. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा हातभर.

एक गोष्ट लक्षात घ्या. बाळंतीण आत असताना त्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. नवरा असला तरी नाही, मग गवंड्याला कोण विचारतो. मी आत जायचो ते खोली रिकामी असताना. म्हणजे कड फाटते तेव्हा मी बाहेर आणि फाटून झाली की मी आत. घूस म्हणावी तर माती वर आलेली नाही. भिंतीच्या बाहेरून पन्हळाचं पाणी मुरतं म्हणावं तर उन्हाळा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. चुन्यावर संशय घेतला, तर त्याच घाण्यात मळलेला चुना बाकीच्या तीन भिंतींना दगडासारखा चिकटलेला. माझं डोकं फिरलं. आणि माझं डोकं फिरलं की मी कागद घेतो.

पत्रक चांगलं झालं होतं, आजही मला ते चांगलंच वाटतं. 'हे बाळंतघर की विंचवाचं वारूळ?' अशी पहिली ओळ. दान देऊन खोलीची डागडुजी न करणाऱ्या धनिकांना त्यात मी सोडलं नव्हतं. काळ्या मातीवर सरकारी परवान्याचं सिमेंट, जिनाच्या नफ्याला बाळंतिणीची खाट आड येते का, असं सगळं होतं. छापायला पाठवण्याआधी नर्सबाईंना वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "वाचता छान तुम्ही," म्हणाल्या. "आता हे नरसीला गिरजाच्या सासूला वाचून दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही छापील पुरावा देताय, की या खोलीत विंचू आहेत. शेठला राग येईल न येईल. बाई मात्र एकही यायची नाही. मिस्त्री, हा कागद ठेवा खिशात आणि थापी काढा."

मी कागद खिशात ठेवला. राग गिळायला शिकलो असं नव्हे. गिरजाच्या पोटातल्या लेकराला माझ्या रागाचा काही उपयोग नव्हता, एवढंच.

या वेळी कोपरा भरण्याआधी मी फरशीच उचलून काढली. खालची माती ओली होती. वैशाखात ओली! मूठभर बाहेर काढून उजेडात धरली, तर तिच्यात पिवळे पट्टे. नाकाला लावली. हळद. आणि थोडं आंबलेलं डाळीचं पीठ.

नर्सबाई फिरतीवर गेल्या होत्या. कोंडाबाई ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. मी तिच्यासमोर मूठ उघडली.

"कोंडामावशी, हे काय आहे?"

"माती."

"मातीत हळद कुठून आली?"

"वसमतहून." अडकित्ता थांबला नाही. "बायांच्या गोष्टीत नाक खुपसू नको रे लिवणाऱ्या."

"मावशी, कोपरा बंद नाही झाला तर गिरजा येत नाही. आणि खोलीत सरकी भरणार आहेत."

अडकित्ता थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं, नर्सबाई येतात का ते. उठली, आत आली, दार पुढं लोटलं आणि त्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून फतकल मारली. पाय लांब केले. दोन्ही टाचा भिंतीला टेकल्या. माझ्या मालासाठी आणलेली अंबाडीची पेंडी पडली होती, ती उचलून नडग्यांवर आडवी ठेवली.

"हे लेकरू. असं. ह्या हातानं मानंला आधार. आन् ह्या हातानं पानी." हवेत तांब्या ओतला. "पीठ लावायचं, हळद लावायची, चोळायचं, पुन्हा पानी. मंग त्याची माय. तिला दोन घागरी, कडकडीत."

पाणी नव्हतंच, तरी मला ते वाहताना दिसलं. नडग्यांवरून खाली, दोन टाचांच्या मधून, थेट कडेवर. रोज. एका बाळंतिणीमागे दहा-बारा दिवस. नवा चुना धरायच्या आत धुऊन जात होता, खालची माती फुगून फरशी उचलत होती, आणि बाई घरी गेली की माती वाळून आकसत होती. माझ्या नशिबी यायची ती वाळलेली भेग. चुना टिकला नाही म्हणूनच हे कळलं; त्याचा दुसरा उपकार तो हा.

"पण मागं न्हाणी आहे ना?"

"भाईर?" कोंडाबाई माझ्यावर डाफरलीच. "वल्या बाळंतिनीला उघड्यावर काढू? वारं लागलं तर तू येशील का शेकायला? म्हून तर ह्यो कोपरा. दाराचं वारं हितं येत न्हाई, आन् आलं तर मह्या पाठीवर. लेकरावर न्हाई."

एवढ्यात दार उघडलं. नर्सबाई. त्यांनी कोपऱ्यात बसलेली कोंडाबाई बघितली, तिच्या पायावरची पेंडी बघितली, आणि सगळं समजल्या.

"मी सांगितलं होतं, खोलीत पाणी नको म्हणून. कितीदा सांगितलं होतं, कोंडाबाई?"

"सांगितलं व्हतं."

"मग?"

"मग काय? तुमी सकाळच्या फिरतीवर जाता, म्या न्हाऊ घालते, पुसून घेते. थेंब तरी दिसला का तुमाला? बाई, तुमचं शिकलेलं तुमच्यापाशी. मूल आडवं आलं तर तुमी म्हनाल तसं म्या करते का न्हाई? करते. पर न्हाऊ घालायचं मला शिकवू नका. मह्या पायावरचं एक बी लेकरू सर्दीनं गेलं न्हाई."

नर्सबाईंचा चेहरा लाल झाला होता. पण शेवटचं वाक्य खरं होतं, आणि ते त्या जाणून होत्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मध्ये मी, मूठभर पिवळी माती घेऊन.

"मावशी इथंच न्हाऊ घालतील," मी म्हणालो. "पाण्यालाच वाट काढून देतो."

या धंद्यात मला अभिमान वाटावा असं काही असेल तर तो कोपरा. तिथल्या चार फरशा काढल्या. खालची ओली माती काढून टाकली, मुरूम भरून धुमसानं ठोकून घट्ट केला. शहाबादीचा एकच अखंड तुकडा, मध्ये किंचित खोलगट केलेला, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवला. भोवती बोटभर उंच काठ, म्हणजे पाणी खोलीत पसरणार नाही. कोंडाबाईला बसवून तिच्या टाचा कुठं येतात ते कोळशानं आखून घेतलं. आणि भिंतीतून बाहेर जाणारी मातीची नळी, तिच्या दोन्ही तोंडांना विंचू शिरू नये म्हणून बारीक भोकांची जाळी. आता राहिलं भिंतीला भोक पाडणं. त्याला शेठची परवानगी लागत होती.

"माझ्या आईच्या नावाच्या खोलीला भोक? आन् न्हाणीचं पाणी काढणार तिथनं?" शेठ गादीवरून उठले. "न्हाई जमणार."

मी तोंड उघडणार तोच कोंडाबाईनं मला कोपरानं मागं सारलं. ती माझ्यासोबत कशाला आली ते तेव्हा कळलं.

"शेठ, तुमची माय बाळंत झाली तवा कुठं न्हाऊ घातलं तुमाला?"

शेठ पुन्हा गादीवर टेकले.

"माजघरात. कोपऱ्यात. ह्याच पायावर." तिनं लुगड्यावरून नडगीवर थाप मारली. "लई आरडत व्हते तुमी. आन् पानी पडलं का मुतायचे. तुमच्या मायनं तवाच म्हनलं व्हतं, कोंडे, हितं मोरी पायजे व्हती. तिची राहिली. आता तिच्या नावाच्या खोलीत होऊन राहिली, तर तुमी आडवे येता?"

मुनीम वहीत डोकं घालून खांदे हलवत होता. शेठनं त्याच्याकडं, मग माझ्याकडं रागानं बघितलं, आणि हात झटकला. "पाड बाबा भोक. पर दगडाच्या बाजूला पाडू नको."

ज्येष्ठ लागला आणि नरसीच्या वाटेनं बैलगाडी आली. गिरजा आत पडून होती, डोळे मिटलेले. सासूनं गाडी दारापासून वीस पावलांवर थांबवली. उंच, काटक म्हातारी, खांद्यावर घोंगडी. ती एकटीच खाली उतरली, आत गेली, कमरेचा दाभण काढला. घोंगडीचे पट्टे शिवायचा, वीतभर लांब. दाराच्या चौकटीपासून सुरुवात करून ती उकिडवी बसत बसत कडेनं दाभण घुसवून बघत निघाली. एक भिंत, दुसरी, तिसरी. नर्सबाई घड्याळ बघत होत्या. गाडीतून गिरजाचं कण्हणं येत होतं. मी दाराबाहेर उभा, आणि मला माझ्या पहिल्या पत्रकाच्या वेळी आला नव्हता एवढा घाम आला.

कोपऱ्यात म्हातारी थांबली. काठावरून दाभण फिरवला. दाबला. नळीच्या जाळीतून बोट घालून बघितलं, गेलं नाही.

"ह्ये कुनी केलं?"

"म्या," मी दारातून म्हणालो.

"घोंगडी बरी शिवशील," ती म्हणाली आणि गाडीवाल्याला हात केला.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मोकळा राहील. त्यानंतर पावसाळे झाले, गडबडीचे दिवस आले, जिनाजवळची माणसं पळाली, परत आली. खोलीत सरकी भरली गेली नाही. वैशाखात बाकीच्या तीन भिंतींची कड केसाएवढी उघडते आणि मी जाऊन ती भरतो. काळ्या मातीवरचं घर म्हटलं की हे आलंच. कायमचं बुजवून देतो म्हणणारा गवंडी खोटं बोलतो, मग तो सरकारी असो की खासगी. नवं राज्य आलं आहे, नव्या कचेऱ्या बांधतील. बांधणाऱ्यांनो, कडेला सिमेंट ओतू नका. ओतलंत तर पत्रक काढीन, आणि त्या वेळी नर्सबाई मला अडवणार नाहीत. ते जुनं पत्रक अजून माझ्या पिशवीत थापीला गुंडाळलेलं आहे. चुना लागून लागून त्याची पहिली ओळ तेवढी वाचता येते.

तर गिरजा आत गेली आणि दार लागलं. मी घरी जायला हवं होतं. नळीच्या तोंडाशी बाहेर थोडं लिंपायचं राहिलंय असं मी स्वतःलाच सांगितलं आणि खोलीच्या मागं जाऊन उकिडवा बसलो. लिंपायचं काही राहिलं नव्हतं. एकच जागा चारदा लिंपली. आतून नर्सबाईंचा आवाज यायचा, तुटक, शांत. मग कोंडाबाईचा, शिव्या देणारा. मग कुणाचाच नाही. सासू माझ्यापासून थोड्या अंतरावर भिंतीला टेकून बसली होती, दाभण मुठीत. तिलाही आत घेतलं नव्हतं. ऊन भिंतीवरून उतरत उतरत आमच्या पायांशी आलं.

मग नळीत खळखळ झाली. आधी साधं पाणी आलं, लालसर. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. पाणी थांबलं. बराच वेळ जाळीतून एकेक थेंब पडत राहिला.

आणि मग पिवळं आलं. हळदीचं, डाळीच्या पिठाचं, वाफाळणारं, माझ्या नळीतून धो धो.

बाळंतिणीची न्हायची पाळी मागून असते आणि तिला नुसतं कडकडीत पाणी. हळद-पीठ लावतात ते जित्या लेकराला. हे मला कोंडाबाईनं त्या पेंडीवर दाखवलं होतं, आणि म्हातारीला कुणी दाखवायची गरज नव्हती. ती उठली, पुढं आली आणि त्या पाण्याखाली ओंजळ धरली.